दिवसाला एक मिलिमीटर

४ मार्च

चि. भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस. मी प्यायलेलो नाही आणि मला म्हातारचळही लागलेला नाही. हे पत्र मी उजव्या हाताने लिहितोय, हीच मोठी बातमी आहे. इथपर्यंत यायला वीस मिनिटं लागली. मधे तुझी मामी दोनदा "द्या इकडे, मी लिहिते" म्हणत आली, तिला दोन्हीदा पिटाळलं.

जानेवारीत काय झालं ते तुझ्या आईने तुला तिखटमीठ लावून सांगितलं असणारच. खरं इतकंच, की दुकानातल्या कटिंग मशीनच्या पात्याखाली कागदाची एक चिंधी अडकली होती, ती काढायला मी हात घातला. चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय, हजारदा असा हात घातला असेल. त्या दिवशी पातं खाली आलं. उजव्या हाताची तर्जनी आणि तिच्या शेजारचं बोट, आतल्या बाजूने, अगदी मुळाशी. बोटं जागेवर राहिली, पण ती वाकवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या आणि नसाही. सर्जनने चार तास बसून सगळं शिवलं. तोही माझ्यासारखा शिवणाराच, फक्त त्याचा दोरा बारीक.

आता आठवड्यातून दोनदा मास्तरणीकडे जातो. मास्तरीण म्हणजे हाताची थेरपी देणारी बाई. ऑक्युपेशनल थेरपिस्ट असं आगगाडीएवढं नाव आहे, म्हणून मी मास्तरीण म्हणतो. वयाने तुझ्याएवढी, दरारा माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांएवढा. तिचा हुकूम झाला, की रोज अर्धं पान लिहायचं. मी विचारलं, काय लिहू, वाण्याची यादी? ती म्हणाली, ज्याचं उत्तर येईल असं लिहा, म्हणजे टाळाटाळ करणार नाही. तेव्हा मला तू आठवलीस. सहा वर्षांत तू मामाला दोन ओळी लिहिल्या नाहीस, तर आता लिही. फोन केलास तर मास्तरीण तो मोजणार नाही.

आता खरं सांगायचं ते सांगतो. परवा ती म्हणाली, बोट वाकवा. मी म्हटलं, वाकत नाही. ती म्हणाली, बघत राहा आणि वाकवा. मी बघत राहिलो. आणि भिंगरी, ते वाकलं! काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढं असेल. पण मी सांगितलं आणि त्याने ऐकलं. साठी उलटून गेली, पण माझंच बोट माझं ऐकतं याचं नवल कधी वाटलं नव्हतं. मी तिथेच रडलो. मास्तरणीने कोनमापक लावून आकडा लिहून घेतला आणि म्हणाली, रडून झालं की पुन्हा वाकवा.

बोटांची टोकं मात्र बधिर आहेत. चिमटा काढला तरी कळत नाही.

विम्यातून वर्षाला तीस सिटिंग मिळतात म्हणे, दर खेपेला थोडा वाटा माझा. विमा तुझ्याच कंपनीचा, तेव्हा तूच समजावून सांग. नोव्हेंबरात खांदा धरला होता तेव्हा फिजिओथेरपीच्या बारा सिटिंग घेऊन टाकल्या होत्या. खांदा चारांतच मोकळा झाला होता, पण हप्ता भरलाय तर वसूल करायला नको? उरलेल्या आठ वेळा नुसता शेकून घेतला. फार सुख लागलं.

हात दुखायला लागला. थांबतो.

तुझा मामा

१२ मार्च

प्रिय मामा,

पत्र उलटं धरायचं की सुलटं, हे ठरवण्यात पाच मिनिटं गेली. मग "म्हातारचळ" हा शब्द लागला आणि खात्री पटली की तूच. सहा वर्षांबद्दल कान पकडते.

तू आठ सिटिंग शेकण्यात घालवल्यास? धन्य आहेस! आता नीट वाच. खांदा आणि हात वेगळे असले तरी विम्याच्या लेखी ते एकच. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी, दोन्ही मिळून तीस. म्हणजे हाताच्या वाट्याला अठराच आल्या, आणि त्यातल्या सात-आठ एव्हाना संपल्या असतील. पॉलिसीचं नवं वर्ष नोव्हेंबरात सुरू होतं, तोवर नवीन काही मिळणार नाही. स्वतःच्या खिशातून एक सिटिंग घ्यायची तर तुला किती पुस्तकं बांधावी लागतील, ते तूच मोज.

एक वाट आहे. पंधराव्या सिटिंगच्या सुमाराला तुला एक फॉर्म येईल. त्यात काय जमतं, काय जमत नाही, असे चोवीस प्रश्न असतात. तो फॉर्म आणि मास्तरणीचा अहवाल बघून वाढीव सिटिंग द्यायच्या का ते ठरतं. तो मन लावून भर.

ठरवतं कोण, विचारशील. माझ्यासारखे लोक. मी कंपनीत नेमकं काय करते ते तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच. पाचव्या मजल्यावर आम्ही बाराजण बसतो. खिडकीजवळचं टेबल मिळायला मला नऊ वर्षं लागली. फाइलीवर नाव नसतं, नंबर असतो. वय, दुखणं, झालेल्या सिटिंग. मी वाचते, शेरा मारते, पुढची घेते. दिवसाला सत्तर फाइली, एकीला चार मिनिटं. नातेवाइकाची फाइल हातात घ्यायची नाही असा नियम आहे, तेव्हा तुझा नंबर मला कळवू नकोस.

काडीएवढं वाकलेलं बोट मला दिवसभर डोळ्यांसमोर दिसत होतं. आमच्याकडे ते "पाच अंश" असं लिहून येतं. त्यात कोणी रडल्याचं लिहिलेलं नसतं.

मामीला नमस्कार. तिला पिटाळू नकोस.

भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरी,

बघ, अक्षर सुधारलं की नाही? या पत्राला तीनच दिवस लागले.

मास्तरणीने मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. तुटलेली नस शिवली की जुना धागा मरतो आणि त्या जागेपासून नवा धागा पुढे वाढायला लागतो. रोज फार फार तर एक मिलिमीटर. मी म्हटलं, कोणी सांगितलं त्याला कुठे जायचं? ती म्हणाली, जुन्या धाग्याची रिकामी नळी असते, तिच्यातून तो वाट काढत जातो. मुळापासून टोकापर्यंत सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटरचा रस्ता आहे. मी जेवतो, घोरतो, मामीशी भांडतो, आणि तो आपला चालतोय! कसली ही कारागिरी म्हणायची?

आणि ती हे दाखवते सुद्धा. बोटावर मुळापासून वर टकटक करत जाते. एका ठिकाणी झिणझिणी येते. तिथवर नस पोचली. तिथे पेनाने ठिपका काढते, आणि वहीत तारीख मांडते. पुढच्या आठवड्यात झिणझिणी ठिपक्याच्या वर सरकलेली असते. मी रोज ठिपका बघत बसतो. मामी म्हणते, लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतंत.

त्या खोलीत तू एकदा यायला हवंस. कपाटं, गाद्या, आरसे, आणि टेबलावर दाण्यांनी भरलेली परात. डोळे मिटून परातीत हात घालायचा आणि आत लपवलेलं बटण शोधायचं. मी डाव्या हाताने दोन सेकंदांत शोधतो, उजव्याने अजून एकदाही नाही. शेजारी एक ट्रकवाला आहे, हा आडदांड गडी. तो बुटाची नाडी बांधायला शिकतोय. परवा पहिल्यांदा गाठ बसली तर त्याने ती सोडलीच नाही, तसाच बूट घालून घरी गेला.

फॉर्म आला होता, मागच्या आठवड्यातच भरून पाठवला. तू म्हणालीस मन लावून भर, मी एका दमात भरला. बटणं लावता येतात का? जमतं. बरणी उघडता येते का? जमतं. कुलूप, चमचा, पिशवी, सगळीकडे जमतं. "पूर्वीचं काम करता येतं का?" तिथेही ठासून लिहिलं, जमतं. चाळीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाला "जमणार नाही" म्हटलेलं नाही. आधी "जमेल" म्हणायचं, मग कसं ते बघायचं, असं माझ्या उस्तादाने शिकवलं. तुझ्या कंपनीला पण कळू दे की या माणसावर खर्च केलेला पैसा वाया जात नाही. असा उमेदीचा पेशंट बघून आणखी वीस सिटिंग देतील बघ.

मामा

८ एप्रिल

मामा,

घाईत लिहितेय. फॉर्म नक्की कुठल्या तारखेला पाठवलास? व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंस? "पुस्तकबांधणी" लिहिलंस की दुसरं काही? वय एकसष्टच लिहिलंस ना?

लगेच कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

भिंगरी

२२ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मी मामी लिहितेय. यांना सांगू नकोस, दुकानात गेलेत म्हणून बसले लिहायला. दुकानात गेलेत म्हणजे कुलूप काढून आत बसलेत, काम काही नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला "नंतर या" म्हणतात.

कंपनीचं पत्र आलं. तुमचा हात पूर्ण बरा झाला आहे, आणखी थेरपीची गरज नाही, अभिनंदन, असं लिहिलंय. अभिनंदन शब्दावर यांनी बोट ठेवलं आणि पत्र माझ्याकडे सरकवलं. अठरा सिटिंग गेल्या आठवड्यात संपल्या. ती थेरपीवाली मुलगी सांगत होती की आतला वण आत्ताच ओला आहे, याच दोन-तीन महिन्यांत बोटं सोडवून घ्यायला हवीत. एकदा तो आखडून बसला की नोव्हेंबरात हात नेऊन उपयोग नाही. पैसे भरून दोनदा गेले, मग म्हणाले, नको.

बाई गं, तुला खरं सांगते. यांच्या शर्टाची बटणं मी लावते. बरणी मी उघडते. कुलूप दातात किल्ली धरून उघडतात. फॉर्म भरताना मी म्हटलं होतं, अहो, खोटं कशाला? तर म्हणे, खोटं कुठे आहे, होतंय ना घरात सगळं?

तू विचारलं होतंस ते मी पाहून ठेवलं. फॉर्म सत्तावीस मार्चला गेला. व्यवसायाच्या रकान्यात "स्वतःचा धंदा" एवढंच आहे. वय एकसष्ट.

तुला काही करता आलं तर बघ. नाही आलं तरी पत्र लिही, तुझ्या पत्राची वाट बघतात.

तुझी मामी

३० एप्रिल

प्रिय मामा,

हे पत्र बसून वाच. मामीलाही वाचून दाखव.

तुझी फाइल मी बंद केली.

मला माहीत नव्हतं. पुरुष, एकसष्ट, उजव्या हाताची दोन बोटं, स्वतःचा धंदा. एक एप्रिल, दुपारी जेवणाआधी. चोवीसच्या चोवीस ठिकाणी "जमतं". मास्तरणीचा अहवाल चार पानी होता, त्यात बोटं अर्धीच वाकतात, टोकाला संवेदना नाही, सगळं लिहिलेलं होतं. ती पानं मी चाळली, वाचली नाहीत. पेशंट स्वतःच सगळं जमतं म्हणतोय तर वाचायचं कशाला? "उद्दिष्ट साध्य" असा शेरा मारला आणि जेवायला गेले. अभिनंदनाचं पत्र मशीन आपोआप काढतं. तुझं दोन तारखेचं पत्र वाचलं आणि संशय आला, म्हणून ती घाईची चिठ्ठी लिहिली. मामीच्या पत्राने खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. मला लेखी समज मिळाली आणि तीन महिन्यांसाठी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बदली. खिडकीजवळचं टेबल गेलं. त्याबद्दल मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

परवा सुट्टी काढली आणि इथल्या एका थेरपीच्या खोलीत परवानगी मागून सकाळभर कोपऱ्यात बसले. अकरा वर्षं मी या लोकांचे कागद वाचतेय आणि अशी खोली मी पहिल्यांदा पाहिली, मामा! तुझ्या खोलीसारखीच परात होती. एक बाई होती, पन्नाशीची, अर्धांगाचा झटका येऊन गेलेली. तिच्या हातात रिकामा चमचा दिला होता आणि तो तोंडापर्यंत न्यायचा होता. हनुवटीपाशी आला की हात वळायचा आणि चमचा खांद्याकडे जायचा. पुन्हा खाली, पुन्हा वर. मी मोजत होते. दहा वेळा तसंच झालं. बाई घामाने भिजली होती, पण थांबायला तयार नव्हती. अकराव्या वेळी चमचा ओठाला लागला. त्यात काही नव्हतं, तरी तिने तोंड उघडून तो आत घेतला आणि मिटलं. खोलीतली सगळी माणसं आपापले व्यायाम सोडून बघत होती. एका चमच्याच्या प्रवासात इतकं काय काय असतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मग थेरपिस्टने वहीत लिहिलं, "चमचा तोंडापर्यंत, एकदा." ही ओळ माझ्या टेबलावर आली असती तर "प्रगती अल्प" म्हणून मी पान उलटलं असतं.

आता तुझं काम. अपील करायला एकतीस मेपर्यंत मुदत आहे. माझा त्यात हात लागणार नाही, लागूही नये. फॉर्म पुन्हा मागवून घे. व्यवसाय काय ते नीट लिही. आणि जे जमत नाही तिथे "जमत नाही" असं लिही. तुला ते किती जड जाईल ते मला ठाऊक आहे. तरी लिही. नाहीतर हात जाईल, मामा.

माझ्यावर राग धरायचा तर धर. पण आधी फॉर्म भर.

भिंगरी

२५ मे

चि. भिंगरी,

राग धरला. दोन दिवस धरला. तुझ्या आईला फोन करून तुझ्याबद्दल नाही नाही ते बोललो. ती म्हणाली, "तू लिहिलंस जमतं, तिने वाचलं जमतं, आता बोंब कशाला मारतोस?" बहीण असावी तर अशी. तिसऱ्या दिवशी राग उतरला आणि फॉर्म मागवला.

तुला वाटतं तेवढं जड गेलं नाही, त्याहून जास्त गेलं. मामी समोर बसली आणि प्रश्न वाचायला लागली. बटणं? मी खिडकीबाहेर बघायला लागलो. ती म्हणाली, "रोज सकाळी मी काय करते मग?" लिहिलं, जमत नाही. चोवीसपैकी एकोणीस ठिकाणी तेच लिहिलं. आणि पूर्वीच्या कामापाशी आलो तेव्हा रकाना पुरेना. तिथे लिहिलं, की मी पुस्तकं बांधतो. कागदाचा कल कुठल्या बाजूचा, चिकटवायची खळ वाळली की ओली, दोरा ताणला की सैल, हे सगळं मला ही दोन बोटं सांगायची. आता सांगत नाहीत. लिहून झालं आणि मी उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो. मामी पण तोंड धुऊन आली.

मग कंपनीच्या डॉक्टरने व्हिडिओवर बोलावलं. मास्तरणीच्या खोलीतूनच बोललो. त्याचा चेहरा घडी घातल्यासारखा, आवाज कोरडा. म्हणाला, "मार्चमध्ये सगळं जमतं म्हणालात, मेमध्ये जमत नाही म्हणता. खरं कुठलं?" मी म्हटलं, "दोन्ही खरं, साहेब. डाव्या हाताने, दातांनी आणि बायकोच्या हातांनी सगळं जमतं. या हाताने जमत नाही."

तो म्हणाला, डोळे मिटून सुई धरून दाखवा. मास्तरणीने माझी शिवणाची सुई त्याच दोन बोटांत दिली. म्हणाली, आता वर धरा. मी धरली. हात उंच केला. मला वाटलं परीक्षा पास झालो. मग डॉक्टर म्हणाला, "डोळे उघडा." उघडले तर सुई टेबलावर पडलेली, आणि मी रिकामी दोन बोटं हवेत धरून बसलेलो. ती केव्हा पडली ते मला कळलंच नव्हतं. टेबलावर कापड होतं, त्यामुळे आवाजही झाला नाही. त्या घडी घातलेल्या चेहऱ्याने चष्मा काढला आणि पुसला.

काल पत्र आलं. चौदा सिटिंग मंजूर. या वेळी अभिनंदन लिहिलेलं नाही, बरं केलं. त्या कोरड्या माणसाने चार पानी अहवाल अक्षरन् अक्षर वाचला होता म्हणे, मास्तरणीला त्यातल्या तिसऱ्या पानावरचं विचारलं.

तुझं टेबल गेलं, त्याबद्दल आता माझा जीव तुटतो. तळघरात उजेड आहे का?

मामा

९ जून

प्रिय मामा,

चौदा! मी तळघरात एकटीच मोठ्याने ओरडले. उजेड आहे, ट्यूबलाइटचा.

इथे जुन्या फाइली लावून ठेवायचं काम आहे. लावता लावता मी वाचते. अकरा वर्षांत मारलेले माझेच शेरे सापडतात. परवा एका फाइलीत नोंद सापडली, "चालणे : दहा पावले, आधाराशिवाय." त्याखाली माझ्याच हाताने लिहिलेलं, "समाधानकारक नाही." कोणाची असतील ती दहा पावलं? नाव नाही, नंबर आहे. बंद फाइली उघडण्याचा अधिकार मला नाही. पण फॉर्ममध्ये "जमतं का?" याच्याखाली "कोणाच्या मदतीने?" हा प्रश्न घालावा, असं साहेबांना लिहून दिलंय. ते म्हणाले, बघू.

सिटिंग चुकवू नकोस. शेकून तर अजिबात घेऊ नकोस.

भिंगरी

२६ जुलै

चि. भिंगरी,

नऊ झाल्या, पाच उरल्या.

चांगली बातमी आधी. मूठ वळते. पूर्ण नाही, पण बोटांची टोकं तळव्याला लागतात. शर्टाची वरची दोन बटणं सोडून बाकीची मी लावतो. काल एका मुलाची फाटलेली वही शिवून दिली. बघून बघून शिवली, एकेका टाक्याला डोळे फोडून. माझ्या दुकानात एवढी गचाळ शिलाई कधी झाली नव्हती, पण मुलाने ती नेली.

वाईट बातमी अशी, की ठिपका थांबलाय. तीन आठवडे झाले, शेवटच्या पेरावर येऊन बसलाय, पुढे सरकत नाही. मास्तरीण टकटक करते, झिणझिणी तिथेच. ती म्हणते, शेवटचा टप्पा कधी कधी असाच असतो, धागे पसरतात आणि वेळ लागतो. कधी पोचतात, कधी नाही पोचत. ती खोटा धीर देत नाही, म्हणून मला ती आवडते. परातीतलं बटण अजून एकदाही सापडलेलं नाही.

मला भीती वाटते, भिंगरी. हे मामीला सांगितलेलं नाही. बोटं चालतील पण मुकी राहतील, आणि मी बघून बघून काम करणारा कारागीर होईन. तसंही जगता येतं, लोक जगतात. पण चाळीस वर्षं मी कामाकडे बघितलंच नव्हतं गं, बोटंच बघायची.

तू ये. कामासाठी नको, नुसती ये. मामी बोलावतेय म्हणून ये.

मामा

१३ ऑगस्ट

प्रिय मामा,

बसमध्येच लिहायला घेतलंय. अक्षर वाकडं आलं तर आता तू बोलू शकत नाहीस.

दोन दिवस कसे गेले कळलं नाही. मास्तरणीच्या खोलीत मला बसू दिलंत, ते मी जन्मभर विसरणार नाही. परातीत तुझा हात फिरत होता आणि बटण तुझ्या बोटाखालून दोनदा गेलं. मला दिसत होतं, तुला कळत नव्हतं, आणि ओठ आवळून बसण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

पण मी हे लिहितेय ते आज सकाळचं. तू बसपर्यंत सोडायला आलास. माझी बॅग तू डाव्या हातात घेतली होतीस, कितीही म्हटलं तरी दिली नाहीस. मामीने मला बर्फाच्या पाण्याची बाटली दिली होती, ती मी सबंध रस्ताभर धरून होते. बस लागली. मी बाटली काखेत मारली आणि बॅगेसाठी हात पुढे केला. तुझं लक्ष कंडक्टरकडे होतं, तू त्याला विचारत होतास की खिडकीची जागा मिळेल का. आणि बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, तू खळ वाळली का बघावी तशी दोन बोटं माझ्या हातावर टेकवलीस आणि म्हणालास, "केवढा गार पडलाय हात तुझा! स्वेटर आणलायस ना?"

मग कंडक्टर ओरडला, बॅग आत गेली, मी आत गेले, बस निघाली. तू हात हलवत उभा होतास. मी जागेवर बसले, माझ्या हाताकडे बघितलं आणि एकदम कळलं. डावा हात बॅगेत अडकला होता. अंगठा लागला नव्हता, तळवा लागला नव्हता. तीच दोन बोटं होती, मामा, आणि त्यांची टोकं. मी पत्र्यावर थापा मारून बस थांबवणार होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, काय गं, काही विसरलीस का? मला हुंदका आवरेना.

तुला कळलंच नाही. तू बघत नव्हतास, त्यांनी बघितलं.

मास्तरणीला आत्ता पुढच्या थांब्यावरून फोन केला. ती म्हणाली, थंड-गरम सगळ्यात आधी येतं, बाकीचं मागून येतं. मी तिला सांगितलंय की तुला मीच कळवणार.

हे वाचून झालं की उठ, स्वयंपाकघरात जा, मामी असेल तिथे जा, आणि डोळे मिटून तिच्या गालावर ती दोन बोटं टेकव. मग मला लिही, काय लागलं ते.

भिंगरी